आजीच्या रक्तवाहिन्या आणि नातीची शाळा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



शिक्षकाने मेळाव्यात बोलावयाचे म्हणजे निकाल, शिस्त आणि गृहपाठ यांवर बोलावे अशी सर्वांची अपेक्षा असते. मी आज मेंदू आणि त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या यांविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए., बी. एड. झालेला एक शिक्षक आहे. त्यामुळे मी कोणाला औषध सांगणार नाही. परंतु हा विषय दवाखान्याइतकाच शाळेचाही आहे, अशी माझी खात्री झाली आहे, आणि ती हजेरीपट पाहून झाली आहे.

आठवी-नववीतील एखादी चांगली मुलगी एकाएकी शाळेत यायची बंद होते. चौकशी केली की कळते, घरात दादीला किंवा नानीला पक्षाघाताचा झटका आला आहे. वडील कामावर जातात, आई शेतावर किंवा शिलाईवर जाते. मुलाची शाळा बुडू द्यायची नसते. मग अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीजवळ कोणी बसायचे? मुलगी बसते. "चार दिवस" म्हणून बसते आणि पुष्कळदा ती परत वर्गात येत नाही. सातारा-सांगली भागातील कोणत्याही शाळेतील जुन्या शिक्षकाला विचारा, असे एखादे नाव त्यांना आठवेलच. म्हणून आजीच्या रक्तवाहिन्यांचा आणि नातीच्या शाळेचा संबंध काय, हे आज आपण पाहू.

प्रथम मेंदूची गरज समजून घेऊ. आपल्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू हा एकटा अवयव वापरतो. दर मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर रक्त त्याच्याकडे जाते. मेंदूजवळ साठवण अशी नसते. घरात ज्वारीचे पोते असले तर चार दिवस बाजार बंद राहिला तरी चालते. मेंदूचे घर मात्र रोजच्या मजुरीवर चालणारे आहे. रक्त थांबले की दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो आणि काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. मेंदूतील सूक्ष्म केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी सुमारे सहाशे किलोमीटर भरते असे सांगतात. सातारा ते सांगली हे अंतर चार-पाच वेळा तोडावे, एवढी ही वाट आपल्या कवटीत मावलेली आहे.

ही वाट निर्जीव नळासारखी नाही. आपल्याकडे उसाला पाणी पाजताना दारे धरणारा माणूस काय करतो? सगळ्या सऱ्यांना एकदम पाणी सोडत नाही. ज्या सरीला पाणी हवे तिचे दार मोडतो, ती भिजली की दार लावून पुढच्या सरीकडे वळतो. मेंदूत क्षणोक्षणी हेच चालते. तुम्ही माझे बोलणे ऐकत आहात तेव्हा ऐकण्याच्या भागातील वाहिन्या थोड्या रुंद होतात. वाचू लागलात की पाहण्याच्या भागाकडे रक्त वळते. या वाहिन्यांच्या भिंतींत स्नायूंचा थर असतो, तो आवळतो आणि सैल होतो. भिंतीच्या आतल्या बाजूस पेशींचे एक अत्यंत पातळ अस्तर असते. रक्त किती जोराने वाहते हे त्या अस्तराला कळते आणि ते स्नायूला तसा निरोप देते.

ही माहिती माणसाला एका दिवसात मिळालेली नाही. विद्यार्थ्यांनी तिचा इतिहासही लक्षात ठेवावा. दमास्कस येथे शिकलेले आणि कैरो येथे वैद्यकी केलेले इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले की, हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून डावीकडे झिरपत नाही, ते फुप्फुसांतून फिरून येते. त्या काळी ग्रीक वैद्य गॅलेन यांचा शब्द प्रमाण मानला जात असे. त्यांच्याविरुद्ध लिहिण्याचे धैर्य या विद्वानाने दाखविले. १६२८ साली इंग्लंडमध्ये विल्यम हार्वे यांनी संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध केले. १६६१ साली इटलीत माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्या. १६६४ साली थॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेले रोहिण्यांचे कडे वर्णन केले. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त यावे म्हणून निसर्गाने ही सोय केलेली आहे. त्यांच्या ग्रंथातील चित्रे काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन हे पुढे प्रख्यात झालेले वास्तुशिल्पज्ञ होते. ज्ञान कोणा एका देशाची किंवा जमातीची मालमत्ता नसते, हे या क्रमावरून दिसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अलीकडच्या संशोधनात रक्तवाहिन्यांच्या पुनर्रचनेला फार महत्त्व आले आहे. पुनर्रचना म्हणजे काय? वाहिनीवर जसा भार पडेल तशी ती आपली भिंत बदलते. बैल नांगराला जुंपला की त्याच्या खांद्याला घट्टा पडतो. तो घट्टा म्हणजे रोग नव्हे, शरीराने भाराला दिलेले उत्तर आहे. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की मेंदूतील लहान रोहिण्याही असेच उत्तर देतात. त्यांची भिंत जाड होते आणि आतली पोकळी अरुंद होते. त्यामुळे पलीकडच्या नाजूक केशवाहिन्यांवर वाढलेला दाब लगेच आदळत नाही. सुरुवातीस हा बचावच असतो. पण बचावाची किंमत द्यावी लागते. अरुंद झालेली वाहिनी गरजेच्या वेळी पुरेशी रुंद होऊ शकत नाही. दारे धरणारा माणूस शेतावर हजर असूनही दार मोडता येत नाही, अशी स्थिती होते. दूरच्या सरीला पाणी कमी पडू लागते.

वयाचाही यात भाग आहे. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या महारोहिणीच्या भिंतीत रबरासारखा ताणला जाणारा एक धागा असतो. तो मुख्यतः जन्माच्या आधी आणि बालपणी तयार होतो. त्यानंतर त्याची भर फारच थोडी पडते. म्हणजे आयुष्यभर पुरवावयाची ही जन्मजात पुंजी आहे. वर्षांमागून वर्षे ताण घेऊन हे धागे तुटतात आणि त्यांच्या जागी दुसरा, ताठर धागा येतो. लवचीक महारोहिणी प्रत्येक ठोक्याचा धक्का स्वतः पचविते आणि पुढे रक्त संथपणे सोडते. ताठर झालेली महारोहिणी तो धक्का तसाच पुढे ढकलते आणि तो थेट मेंदूतील लहान वाहिन्यांपर्यंत पोहोचतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि रक्तातील वाढलेली चरबी ही या म्हातारपणाला दहा-पंधरा वर्षे आधीच घरात बोलावतात.

याचा परिणाम दोन प्रकारे दिसतो. पहिला प्रकार सर्वांना माहीत आहे. वाहिनी एकदम बंद होते किंवा फुटते आणि पक्षाघात होतो. दुसरा प्रकार गुपचूप येतो. मेंदूच्या आतील भागात जेथे निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या तारा असतात, तेथे रक्त थोडे-थोडे कमी पडते. बारीक-बारीक ठिकाणे सुकतात. माणसाला कळतही नाही. मग हळूहळू पावले अडखळू लागतात, बोलण्याची गती कमी होते, पैशांचा हिशेब चुकतो, स्वभाव चिडका होतो, नेहमीचा रस्ता आठवत नाही. आपण म्हणतो, "वय झाले, आता असेच चालायचे." स्मृतिभ्रंशाच्या रोगांत अल्झायमर हा सर्वात मोठा प्रकार असला, तरी रक्तवाहिन्यांच्या बिघाडाने येणारा प्रकारही मोठा आहे, आणि पुष्कळ रुग्णांत दोन्ही एकत्र आढळतात. साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण अधिक आढळले.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या, बसून खाणाऱ्या लोकांचे रोग आहेत. हा समज आपल्याच राज्यातील एका संशोधनाने खोटा ठरविला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंची नोंद तपासली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत तेथे १५९९ मृत्यू झाले होते. त्यांपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा हा आकडा मोठा होता. आणि यातील बहुसंख्य माणसे दवाखान्यात नव्हे, घरीच मरण पावली. जंगलात, शेतात राबणाऱ्या गरीब माणसांचा हा जिल्हा आहे. गडचिरोलीत जर हे चित्र असेल, तर साखर कारखान्यांच्या आणि बाजारपेठांच्या आपल्या जिल्ह्यांनी निर्धास्त राहावे असे काहीच नाही.

आपल्या बाजूला एक जमेची गोष्ट मात्र आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातील ज्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत तो राबविण्यात आला, त्यांत सातारा जिल्हा होता. त्याची कल्पना अगदी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रौढ माणसाचा दाब मोजायचा, ठरलेल्या दोन-तीन स्वस्त औषधांपैकी एक ठरलेल्या क्रमाने द्यायचे, कार्डावर नोंद ठेवायची आणि जो रुग्ण महिनाभर आला नाही त्याला शोधून परत आणायचे. आम्ही शिक्षक गळती झालेल्या मुलाला शोधायला घरी जातो, त्यातलाच हा प्रकार आहे. सांगली जिल्ह्याला तर दवाखान्यांची परंपरा जुनी आहे. मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय काढले, १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेला येतात. तेव्हा सोय नाही, असे म्हणायला आपल्याला तोंड नाही. अडचण आहे ती आपल्या विचारात.

रक्तदाबावर औषध सापडण्याच्या कथेत आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आपल्या मुलांना माहीत असावा. सर्पगंधा हे झुडूप आपल्या वैद्य-हकिमांना शतकानुशतके माहीत होते. डोके शांत करणारे औषध म्हणून त्याची मुळी वापरली जाई. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात, हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या संशोधन विभागात, सलीमुज्जमाँ सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाने १९३१ साली या मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी केली. त्यातल्या एकाला त्यांनी आपल्या दिवंगत आश्रयदात्याच्या नावावरून 'अजमलीन' असे नाव दिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रिसर्पीन हे द्रव्य मिळाले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. याच रिसर्पीनचा मेंदूवर काय परिणाम होतो हे तपासताना स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांना डोपामिन या द्रव्याचे महत्त्व कळले आणि त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेतून दोन गोष्टी घ्यावयाच्या. एक म्हणजे हकिमांचे अनुभवज्ञान, रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आणि डॉक्टरांच्या नोंदी एकत्र आल्या तेव्हा औषध झाले. त्यातली एकही गोष्ट एकटी पुरी पडली नसती. दुसरी गोष्ट अशी की, रिसर्पीनमुळे काही रुग्णांना उदासीनता येई, म्हणून पुढे त्याहून चांगली औषधे निघाल्यावर ते मागे पडले. तेव्हा "मुळी आहे, नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही" असे समजून आज कोणी बाजारातली सर्पगंधा आपल्या मनाने घेऊ नये.

औषधाने दाब आटोक्यात ठेवला तर मेंदू खरोखर वाचतो का? याचे उत्तर आता मिळू लागले आहे. चीनच्या ग्रामीण भागातील ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत साध्या ग्रामवैद्यांना शिकवून त्यांच्याकडे रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात आणण्याचे काम दिले. उरलेल्या खेड्यांत नेहमीचे उपचार चालू राहिले. चार वर्षांनंतर पहिल्या गटातील खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. ध्यानात घ्या, तेथे मोठी रुग्णालये बांधली नव्हती. दाब मोजणारे यंत्र, स्वस्त गोळी आणि पाठपुरावा करणारा माणूस एवढेच साहित्य होते.

आता आपल्या घरी काय होते ते पाहू. दादीला डॉक्टरांनी गोळी सुरू केली. महिन्याने दाब मोजला तो बरोबर आला. घरात कोणी म्हणाले, "आता प्रेशर नॉर्मल आहे, गोळी कशाला? एकदा सवय लागली की आयुष्यभर घ्यावी लागेल." गोळी बंद झाली. या बोलण्यात मोठी चूक आहे. दाब बरोबर आला तो गोळीमुळे. गोळी ही व्यसनाची सवय नव्हे. जाड झालेल्या भिंती एका महिन्यात पूर्वीसारख्या होत नाहीत, म्हणून ती चालू ठेवावी लागते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे दाब नाही, असेही नाही. बहुतेकांना दाब वाढलेला कळतच नाही. तो फक्त यंत्राला कळतो. याच्या उलट, चार दिवस चुकल्या म्हणून एकदम दोन गोळ्या घेणेही घातक आहे. वाढलेल्या दाबाची सवय झालेल्या जुन्या वाहिन्यांना एकाएकी कमी दाब सोसत नाही, मेंदूला रक्त कमी पडते. गोळी बदलणे, वाढविणे, कमी करणे हे सर्व डॉक्टरांना विचारूनच करावे.

रमजानच्या महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. रोजा सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी सेहरी किंवा इफ्तारच्या वेळी बसविता येते का, ते विचारावे. आजारी माणसाला धर्मानेच सवलत दिलेली आहे. न विचारता महिनाभर औषध सोडून देणे यात कोणाचेच समाधान नाही.

पक्षाघाताचा झटका आला तर काय करावे, हे तर शाळकरी मुलांनाही पाठ असले पाहिजे. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात किंवा पाय उचलेना, बोलणे एकाएकी बोबडे झाले किंवा समजेना, यातले एक जरी दिसले तरी प्रथम घड्याळ पाहा आणि वेळ लक्षात ठेवा. लगेच १०८ ला फोन करा. सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि जितके लवकर तितका गुण अधिक. मोठ्या झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असे गणित मांडले गेले आहे. तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. आपल्याकडे तेल चोळणे, कबुतराचे रक्त लावणे असे प्रकार अजून चालतात. त्यांत हे साडेचार तास निघून जातात. दुवा जरूर मागावी, पण ती गाडीत बसून मागावी.

झटका येऊच नये म्हणून काय करावे, हे फार खर्चाचे नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने दाब आणि साखर तपासून घ्यावी. दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार येत असेल तर उपचार सुरू करावेत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, यापेक्षा अधिक नसावे; लोणचे, पापड, खारे दाणे आणि बेकरीचे पदार्थ यांतील मीठही त्यातच मोजावे. तंबाखू सोडावी. येथे भगिनींना एक स्पष्ट सांगतो, मिशरी हीसुद्धा तंबाखूच आहे. पुरुषाच्या बिडीवर आपण रागावतो आणि आजीच्या मिशरीच्या डबीकडे दुर्लक्ष करतो, हे बरोबर नाही. आणि चालावे. अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भाग सुमारे दोन टक्के वाढलेला आढळला. केवळ हलके ताणाचे व्यायाम करणाऱ्यांत तो कमी झाला. वाहिन्यांची पुनर्रचना वाईट दिशेनेच होते असे नाही. चांगला भार दिला तर ती चांगल्या दिशेनेही होते.

आता शाळेचा भाग. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ही सर्व दूर करता आली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव ही तर आहेतच. ऐकू कमी येणे, नजर कमी होणे, डोक्याला मार लागणे आणि एकटेपणा हीसुद्धा आहेत. म्हणजे म्हातारीचा मोतीबिंदू काढणे, तिला कानाचे यंत्र देणे, मुलाला मोटारसायकलवर हेल्मेट घालायला लावणे आणि आजोबांना गप्पांत सामील करून घेणे ही मेंदूची औषधेच आहेत. पण त्या यादीत आयुष्याच्या सुरुवातीला येणारे एक कारण आहे, आणि ते म्हणजे अपुरे शिक्षण.

शिकलेल्या माणसाच्या वाहिन्या वेगळ्या नसतात. त्यालाही रक्तदाब होतो. पण शिकण्याने मेंदूत जोडण्या अधिक होतात, एका रस्त्यावर दरड कोसळली तर दुसऱ्या रस्त्याने जाता येते. शिवाय शिकलेली बाई औषधाच्या पाकिटावरील तारीख वाचते, डॉक्टरांना प्रश्न विचारते, सरकारी योजना समजून घेते.

आपल्या मुलांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ती घरी दखनी बोलतात, शाळेत मराठी लिहितात, उर्दू वाचतात, इंग्रजीशी झुंजतात. "एवढ्या भाषांनी मुलाचा गोंधळ होतो," अशी तक्रार पालक करतात. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा रोग सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडलेला आढळला. आणि हा फरक निरक्षर लोकांतही दिसला. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तो एका रुग्णालयातील नोंदींवर आधारलेला आहे आणि या प्रश्नावर सर्वच संशोधक एकमत नाहीत, हे मी लपवीत नाही. तरी इतके म्हणता येईल की, चार भाषांत वावरणारे आपले मूल तोट्यात नाही. त्याची मराठी पक्की करा आणि घरची बोली त्याला लाजिरवाणी वाटू देऊ नका.

आता सुरुवातीच्या मुलीकडे वळतो. आजीची गोळी बंद झाली. आजीला झटका आला. नात शाळेतून निघाली. नातीचे शिक्षण आठवीवर थांबले. अपुरे शिक्षण हे म्हातारपणी मेंदू दुबळा होण्याचे एक कारण, असे आपण आत्ताच ऐकले. म्हणजे आज आजीच्या मेंदूत जे घडले त्याची बीजे आणखी पन्नास वर्षांनी येणाऱ्या नातीच्या म्हातारपणात पेरली गेली. त्या वेळी तिच्याजवळ बसण्यासाठी कोणाची शाळा सुटणार? ही साखळी रक्ताच्या नात्याची आहे, पण ती नशिबाने विणलेली नाही. ती एका स्वस्त गोळीच्या जागी तोडता येते, किंवा आजारपण आलेच तर सेवेची पाळी भाऊ, वडील, काका यांनी वाटून घेऊन तोडता येते. सेवा करणे हे पुण्यकर्म आहे, आणि पुण्यावर फक्त मुलींचाच हक्क का असावा?

म्हणून पालकांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचा दाब या महिन्यात मोजून घ्या. सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि घरात कोणी अंथरुणाला खिळले तर मुलीला घरी बसविण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन आमच्याशी बोला. काही दिवसांची सवलत, राहिलेला अभ्यास, परीक्षेची सोय, यातून मार्ग काढता येतो. नाव पटावरून कमी झाल्यावर मार्ग निघणे अवघड होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक गृहपाठ आहे. आज घरी गेल्यावर दादी-दादांच्या औषधांचे कार्ड वाचून दाखवा. त्यावर पुढची तारीख काय आहे ते पाहा, आणि ती पाटीवर नाही तर भिंतीवरील कॅलेंडरवर लिहा. ज्यांनी आपल्याला बोट धरून चालायला शिकविले, त्यांच्यासाठी एवढे वाचन आपण करू शकतो. शिक्षणाचा पहिला उपयोग घरातच व्हावा, याहून संस्थेला दुसरे काय हवे?